नव्वद पैशांचं बटण

पास्कल, आज दुपारी खण अडकला.

साबुदाणा आणि शेंगदाणे घेऊन एक बाई समोर उभी होती. मी बटण दाबलं, घंटा वाजली, काचेमागे आकड्याची पाटी वर आली, आणि गल्ल्याचा खण मात्र दोन बोटं उघडून तिथेच थांबला. मी खालून गुडघा मारला, तू मारायचास तसा. काही उपयोग नाही. मग मागे न बघताच मी सुमनला ओरडलो, "अगं, त्या पास्कलला निरोप धाड."

तुझी सुमनवहिनी आतल्या बाजूला तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. समोरची बाई तुमच्या कांजूर गावातलीच, तुझ्या मातीला आलेली. शेवटी तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "राहू द्या परबशेट, सुटे उद्या घेईन."

तुला जाऊन महिना होत आला आणि मी अजून तुला निरोप धाडतोय. त्यापेक्षा सरळ तुझ्याशीच बोलतो. आपलं बोलणं तसंही गेल्या वर्षीच्या गणपतीपासून बंद आहे. कोणीतरी सुरुवात करायला हवीच होती. तू करशील असं मला वाटत होतं. तुला वाटत असेल, परब करील.

मी तुला दिवसातून दहा वेळा मेल्या म्हणायचो. आमच्याकडे मालवणात रागाने तेच म्हणतात आणि लाडानेही तेच. आता शब्द तोंडात येतो आणि गिळावा लागतो.

मशीन आणली तो दिवस आठव. माझा बाप गिरणीत. मी कांदे-बटाट्यांच्या हातगाडीपासून सुरुवात केली आणि भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी हा गाळा घेतला, कोणाच्या दारात हात न पसरता. भाव पाडून घेणं एवढं एकच मला येतं, पण ते मला चांगलं येतं. जुन्या बाजारात ती पितळी नक्षीची गल्ला-मशीन दिसली आणि मी अर्धा दिवस त्या म्हाताऱ्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. तीनदा उठून गेलो, तीनदा परत आलो. शेवटी तो म्हणाला, "ले जा भाई, जान मत खा." मी टेंपोत मशीनशेजारी बसून आलो, लग्न करून बायको आणावी तसा.

तू तेव्हा सिरका घ्यायला आला होतास. मी तुला ओळखत नव्हतो. चार माणसं मशीन उतरवत होती, अर्धी गल्ली जमली होती. तू बाटली काखेत धरून पुढे आलास, बटणांवरून बोट फिरवलंस आणि हसलास. नुसता हसला नाहीस, माझ्या साखरेच्या पोत्यावर बसून पोट धरून हसलास.

"शेट, ही आण्यांची मशीन हाय."

"मग?"

"मग काय? पंधरा आण्यांपर्यंत बटणं हायत. तुमच्या दुकानात आणे चालतात?"

आणे बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली होती. बटणांवरचे ते इंग्रजी आकडे मी पाहिले होते, पण भाव पाडण्याच्या नादात ते कसले आकडे आहेत हे मी बघितलंच नाही.

"किती घासाघीस केली?" तू विचारलंस.

"निम्म्याच्या खाली आणली."

"तरीच. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोचलात म्हणायचे."

गल्ली हसली. मी तुला दुकानातून हाकलून दिलं. त्या हसण्याचा राग मी पुढे किती वर्षं धरला हे तुला माहीत आहे, आणि खरं सांगतो, तो अजून गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी तू हत्यारांची पेटी घेऊन हजर. फोर्टातल्या कचेऱ्यांचे टाइपरायटर आणि बेरजेची यंत्रं दुरुस्त करणं हा तुझा धंदा. मी मजुरीचं बोलणं काढलं आणि घासाघीस करायला बैठक मारून बसलो, तर तू म्हणालास, "एक बाटली सिरका. आणि मी काम करीन तोवर तुम्ही तोंड बंद ठेवायचं."

सिरका मी दिला.

तू एकेका आण्याचे पाच-पाच पैसे केलेस. भिंतीवरचं माझं कॅलेंडर फाडून त्यातले आकडे गोल कापलेस आणि बटणांच्या काचेखाली बसवलेस. तीसच्या पुढचे आकडे दोन-दोन तुकडे जोडून तयार केले. पाट्यांवरचे आकडे तुझ्या बायकोने, रेजिनाने रंगवले, म्हणून आमच्या पंचाहत्तरातल्या पाचाला अजून शेपूट आहे. आतली बेरजेची चाकं सोळाला पुढे सरकायची, ती तू उपटून काढलीस. म्हणजे मशीन बेरीज करत नव्हती. घंटा वाजवायची, आकडा दाखवायची आणि खण उघडायची. मला तेवढं पुरे होतं. माझ्याशी गिऱ्हाईक हुज्जत घालायचं; काचेमागे आकडा उभा राहिला की त्याच्याशी घालायचं नाही.

पण पंधरा बटणं पाच-पाच पैशांनी वाढणारी, म्हणजे शेवटचं पंचाहत्तर. त्यापुढे थेट रुपया. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव यांना बटणच नाही. आपलं सगळं भांडण या फटीतून सुरू झालं.

मी म्हणालो, रुपया दाबायचा आणि वरच्या पैशांची लिमलेटची गोळी द्यायची. तू म्हणालास, पंचाहत्तर दाबायचे आणि वरचे सोडून द्यायचे.

"माझा माल काय समुद्रातून येतो?"

"मशीन तुझी चुकली, भुर्दंड गिऱ्हाइकाला का?"

"भुर्दंड कसला? गोळी देतो ना."

"मागितली होती त्यांनी गोळी?"

"सुटे दहा पैसे आहेत कोणाकडे या भांडुपात? मला एक माणूस दाखव. मशीन कुठलीही आण, शेवटी गोळीच द्यावी लागणार!"

"तुझ्या दुकानात सर्वांत जास्त काय खपतं सांगू? गोळ्या. आणि मागत कोणी नाय."

शनिवारी कचेऱ्या अर्ध्या दिवसाने सुटल्या की तू यायचास, तेलाची बुधली घेऊन. मशीनला तेल पाजायचास, स्प्रिंगा बघायचास आणि मग माझ्या शेजारच्या स्टुलावर ठाण मांडायचास. बेरीज नव्वद झाली की माझं बोट रुपयाकडे जायच्या आत तू गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचास, "पाऊण!" गिऱ्हाईक हसायचं. मला पंचाहत्तर दाबावे लागायचे. पुढे लोकांनी दुकानाचं नावच पाऊणवाला केलं. रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत 'परब किराणा' लिहून घेतलंय मी पाटीवर, पण नव्या भाडेकरूला सांगायचं तर सगळे सांगतात, पाऊणवाल्याकडे जा. मी चिडायचो. पाऊणवाला म्हणून लोक लांबून यायचे, हेही मी बघत होतो.

नव्वदचं बटण करून दे, असं मी तुला किती वेळा म्हणालो. मशीनवर चार जादा बटणं होती, नुसता खण उघडायला वगैरे. "त्यांचीच चार करता येतील," असं तू स्वतः म्हणाला होतास. आणि मग प्रत्येक शनिवारी, "करतो." पुढच्या शनिवारी, "करतो रे." घंटा तुटली तेव्हा तुझ्या मुलाच्या सायकलची घंटा आणून एका संध्याकाळीत बसवलीस. ती अजून सायकलसारखीच वाजते, आणि कोणी नवा माणूस आला की मागे वळून बघतो. पण चार बटणं तुला जमली नाहीत. मला बनवू नकोस, पास्कल. तुला जमली नाहीत असं नाही.

बाबा गेले तेव्हाचं सांगतो. गिरण्यांचा संप सुरू झाला होता, दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि आम्हाला सुतक. मी गल्ल्याला हात लावणार नाही, सुमन नाही, भाऊ नाही. मी ओटीवर मुंडण करून बसलो होतो. तू आलास, माझ्यासमोर उकिडवा बसलास.

"सुतक मना नाय ना लागत?"

"तुला कसं लागेल?"

"मग चावी दे."

तेराव्यापर्यंत दुकान तू चालवलंस. तुझी स्वतःची कामं सोडून. तूरडाळ आणि चणाडाळ ओळखण्यात तुझी बोंब, पण बाया आत येऊन आपला माल आपणच काढून द्यायच्या. रोज संध्याकाळी ओटीच्या पायरीवर चावी ठेवून जायचास, माझ्या हातात द्यायचा नाहीस. शिवू नये हे तुला कोणी शिकवलं होतं, तूच जाणे.

तेराव्याला जेवून मी दुकानात गेलो तर गोळ्यांची बरणी तशीच भरलेली. एक गोळी कमी झालेली नाही. मी विचारलं, "नव्वदला काय केलंस?"

"पाऊण."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुझ्या बापाच्या नावानं. तुम्ही लोक काय काय दान करता ना? तसं."

"माझ्या बापाच्या नावाने माझं दुकान वाटलंस तू?"

"दुकान नाय वाटलं रे. नव्वदातले पंधरा वाटले."

नवी टोपी घालून, पोटात तेराव्याचं जेवण, आणि मी तुझ्याशी भर दुकानात भांडलो. सगळी गल्ली म्हणाली, काय हा माणूस, याच्यासाठी तो राबला आणि हा त्याच्यावरच ओरडतो. त्यांना काय कळणार? बाबा गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. घसा फोडून बोललास तो तू एकटा. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. हे तुला सांगायचं राहून गेलं. बाकी पुष्कळ सांगून झालं होतं, हे एवढंच राहिलं.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. इतक्या वेळात तुला वाटलं असेल, परब विरघळला. नाही विरघळला.

स्टेशनजवळ ते काचेचं दुकान उघडलं. आपल्या हाताने माल उचला, टोपलीत टाका, दाराशी पैसे द्या. दाराशी विजेवर चालणारी नवी मशीन, हिरवे आकडे, चिठ्ठी छापून बाहेर. माझी निम्मी कचेरीवाली गिऱ्हाइकं तिकडे वळली. ते मी समजू शकतो, धंदा आहे. पण एका शनिवारी तू आला नाहीस, आणि एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "तुमचा पास्कल तिकडे दिसला. त्या नव्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता."

दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा दुकान भरलेलं होतं. मी थांबलो नाही.

"माझ्या गिऱ्हाइकांवर टपलेल्याची मशीन सांभाळतोस?"

"इथं वीज सारखी कमी-जास्त होते. त्यांची मशीन सगळं विसरते. कोणीतरी बघायला पायजे."

"भांडुपात दुसरा मिस्त्री नाही?"

"मना शिकायचं हाय, परबा. टाइपरायटर चालले आता. पुढे सगळं असंच येणार." इथवर ठीक होतं. पुढे तू जे म्हणालास ते मी विसरलेलो नाही. तू माझ्या मशीनवर थाप मारलीस आणि म्हणालास, "ह्या पितळेत आता शिकण्यासारखं काय उरलंय?"

मी तुझी तेलाची बुधली उचलून रस्त्यावर फेकली. बोलणं बंद झालं ते तिथे.

बोलणं बंद, पण तू यायचा थांबला नाहीस. दर महिनाअखेर नवी बुधली घेऊन यायचास, माझ्याकडे पाठ करून मशीन उघडायचास आणि सुमनला सांगायचास, "वहिनी, यांना सांगा, खणाची स्प्रिंग सैल झाली. गुडघा मारू नका म्हणावं."

"सुमन, त्याला सांग, गुडघा मारायला त्यानेच शिकवलं."

"वहिनी, सांगा, मी हळू मारायला शिकवलं."

"सुमन, त्याला विचार, काचवाल्यांची मशीनसुद्धा गुडघ्यानेच चालते काय?"

"मला मध्ये घेऊ नका," सुमन म्हणायची. "मी काय टेलिफोन आहे? दोघं समोरासमोर बसलायत चांगले." आणि तुला चहा द्यायची, माझ्या कपात.

नव्वदला मी मुद्दाम मोठ्याने रुपया दाबायचो, तू ऐकावंस म्हणून. तुझी पाठ हलायची नाही. एकदा तरी पाऊण म्हणून ओरडायचं होतंस. तिथेच मिटलं असतं.

मे महिन्यात रेजिना तुमच्या वर्षभराच्या बाटलीमसाल्याच्या मिरच्या घ्यायला आली. दर वर्षी मिरचीच्या भावावरून आमचं तुंबळ व्हायचं, तिच्या तोडीची घासाघीस करणारी बाई कांजूरपासून मुलुंडपर्यंत नाही. या वर्षी तिने मी सांगितला तो भाव दिला. मी सुमनला म्हणालो, "बघ, आता त्यांच्याकडे काचवाल्यांचा पैसा आला." सुमन माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. तुझ्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं, हे रेजिनाने तिला सांगितलं होतं. तुझ्या गावाला माहीत होतं, काचवाल्यांनाही माहीत होतं, कारण तू त्यांच्याकडून सुट्टी घेतलीस. मला सोडून सगळ्यांना.

तुला मातीत ठेवून आल्यावर मी सुमनला विचारलं, "का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, परबाला सांगितलं तर तो दुकान बंद करून इस्पितळात येईल आणि डॉक्टरांशी भाव करत बसेल."

आलो असतो. केलाच असता भाव. त्या डॉक्टरांना मी सोडलं नसतं. तू एवढं ओळखत होतास मला, तर कळवायला काय झालं होतं? हा माझा तुझ्यावरचा दुसरा राग. आणि हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

परवा तुमच्या चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्सा होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही कळत नव्हतं, पुढच्यांचं बघून करत होतो. नंतर अंगणात रेजिना भेटली. सांत्वन करायला गेलो आणि जे मनात होतं तेच निघालं. "त्याने मला चार बटणं बसवून दिली नाहीत. इतकी वर्षं करतो करतो म्हणाला."

मला वाटलं, ती रडेल. ती चक्क हसली. "बसवून दिली असती तर तुम्ही दोघांनी बोलायचं काय?"

हे उत्तर मला पटलेलं नाही. बटणं बसवली असतीस तरी आपण भांडायला दुसरं काही शोधलं असतं. एवढा विश्वास ठेवायचा होतास माझ्यावर.

सुमनचंही सांगून टाकतो. तू गेलास त्या दिवसापासून गल्ल्यावर ती बसू लागली. मला म्हणाली, तुमचं लक्ष नाही. ऐंशी असो की पंच्याण्णव, ती पंचाहत्तर दाबायची. मी बघत होतो. तुमच्यात तेरावा नसतो. आमच्या हिशेबाने तिने तेराव्यापर्यंत केलं. ना मी विचारलं, ना तिने सांगितलं. चौदाव्या दिवशी मी गल्ल्यावर बसलो आणि पहिल्याच नव्वदला रुपया दाबला. सुतक संपलं की धंदा सुरू.

काल मी काचवाल्यांकडे गेलो. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, पण तुझी मशीन बघायची होती. इतकं काय आहे तिच्यात, जे माझ्या पितळेत नव्हतं. बिस्किटांचा पुडा घेतला आणि दाराशी गेलो. कॉलेजातली वाटावी अशी मुलगी बसली होती. तिने दोन-तीन बटणं दाबली. घंटा नाही, नुसती कुईं. हिरवे आकडे पेटले: दोन रुपये नव्वद पैसे. पास्कल, नव्वद! त्या मशीनला नव्वद येतात, पंच्याण्णव येतात, सगळं येतं. मी तीन रुपये दिले. तिने खणात पाहिलं, मग शेजारच्या बरणीत हात घातला आणि चिठ्ठीवर एक गोळी ठेवली.

"सुटे नाहीत, काका."

"दहा पैसे नाहीत?"

"कुठून आणायचे? सगळ्यांना गोळीच देतो."

मी जिंकलो होतो. इतकी वर्षं तुला ओरडून सांगत होतो, मशीन कुठलीही आण, शेवटी गोळीच. मी तिला विचारलं, "मशीन बघायला यायचा तो पास्कल, तो काही बोलायचा नाही यावर?"

"पास्कल अंकल? अहो, आले की आमच्या मालकांना तेच सांगायचे. म्हणायचे, गोळ्या कसल्या देता, पाऊण लावा, पाऊण."

"मग मालक काय म्हणायचे?"

"काही नाही. मालक नुसते हसायचे आणि आत जायचे."

म्हणजे आपलं भांडण तू तिथे घेऊन गेला होतास, आणि तिथे तुझ्याशी कोणी भांडलंच नाही. नवीन मशीन, सगळी बटणं, आणि समोर नुसता हसणारा माणूस. कसं काढलंस रे तिथे इतके दिवस?

गोळी खिशातच आहे. खावीशी वाटत नाही.

तर आज ती तुमच्या गावातली बाई. साबुदाणा आणि शेंगदाणे मिळून सहा रुपये नव्वद झाले. माझं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. स्टूल रिकामं होतं. कोणी ओरडलं नाही. मी सात दाबले, घंटा वाजली आणि खण अडकला. तो अजून दोन बोटं उघडा आहे. सुमन म्हणते, मुलुंडला एक कारागीर आहे, त्याला बोलवू. मी म्हणालो, थांब.

आधी मला याचं उत्तर हवं आहे. बोलायचं नाही, सांगायचं नाही, आणि जाता जाता खण धरून बसायचं. हे काय भांडण झालं, मेल्या?